ईस्टर झाला, आता पुढे काय?

दरवर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात एक तक्रार हमखास येते. "ताई, रविवारी 'प्रभू उठला' म्हणून गायलो आणि सोमवारी मन पुन्हा रिकामं. माझा विश्वास कमी पडतोय का?" परळचे, दादरचे, वसईहून लोकलने येणारे, सगळ्यांचं दुखणं तेच.

विश्वास कमी पडत नाही. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून उपवास, संध्याकाळच्या उपासना, गायनाचा सराव, गुड फ्रायडेची तीन तासांची उपासना, यात माणूस बांधलेला असतो. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचे, 50 दिवसही सणाचेच आहेत, पण त्यांत करायचं काय, हे सहसा कुणी सांगत नाही.

भायखळ्याच्या पन्नाशीतल्या एक बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). गेल्या वर्षी त्या सरावाला गेलेल्या असताना घरी यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. त्या पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. यंदा ईस्टरला कशाबशा गायल्या आणि मग घराबाहेर पडल्याच नाहीत.

"प्रभू उठल्यावर शिष्यांनी काय केलं?" मी विचारलं.

"दारं लावून बसले," म्हणाल्या, आणि स्वतःच चपापल्या.

पुढे एका भेटीत त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय मोठ्याने वाचला. उठलेल्या प्रभूला डोळ्यांनी पाहिलेला शिष्य पेत्र म्हणतो, "मी मासे धरायला जातो." रात्रभर जाळं रिकामं. पहाटे किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"ताई, पेत्राने प्रभूला नाकारलं तेव्हाही तो विस्तवापाशीच शेकत होता ना?"

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहणं मला कामातूनच साधलंय. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदाच येतो, 18व्या अध्यायात, जिथे पेत्र आपण प्रभूचे नाहीच असं तीनदा म्हणतो, आणि इथे, हे मला ठाऊक होतं. पण ते त्यांनाच सापडायला हवं होतं.

"म्हणजे जिथे तो चुकला तसाच विस्तव पेटवून प्रभूने त्याला न्याहारीला बोलावलं," त्या म्हणाल्या, आणि वर्षभरात प्रथमच मोकळेपणी रडल्या. सराव ही त्यांची लाज होती. गाणं त्यांना त्या रात्रीकडे नेत होतं.

न्याहारी झाल्यावर प्रभू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि दर वेळी काम सोपवतो: माझी कोकरे चार. नाझी छळछावणीतून वाचलेले मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांना मी मानते ते यासाठीच. जगण्याला काय अर्थ, असं आपण विचारत बसतो, तेव्हा जगणंच आपल्याला काही विचारत असतं.

"तुमची कोकरं कोण?"

बराच विचार करून म्हणाल्या, "आमच्या गायनातल्या आल्टोतल्या, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरातल्या, दोन नवीन मुली. त्यांना सूर धरता येत नाही."

तुमचंही मन असं रिकामं असेल तर भावना परत येण्याची वाट पाहू नका. एक माणूस ठरवा, आठवड्यातला एक वार ठरवा, आणि त्याच्यासोबत बसून जेवा. जी जागा टाळताय तिथे सोबतीने जा. मात्र दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर दिवसाची वाट न पाहता 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करा, तो दिवसरात्र मोफत आहे. प्रार्थना आणि औषध यांत भांडण नाही.

पाळकांना एक विनंती. ईस्टरच्या दुसऱ्या रविवारी जे बाकावर दिसणार नाहीत, त्यांच्या घरी त्याच आठवड्यात कुणाला तरी पाठवा.