‘जतन बाकी’ आणि त्याचा रंग

परभणीचा एक विद्यार्थी एका टेक्स्ट एडिटरचं, म्हणजे साधा मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमचं, मराठीकरण करतोय. त्यानं विचारलंय: सेव्ह न केलेल्या फाइलसाठी खालच्या पट्टीत ‘असंग्रहित’ लिहावं की ‘कच्ची’? आणि ते लाल, ठळक अक्षरांत द्यावं का?

‘असंग्रहित’ नकोच. संग्रह म्हटलं की नाणी नि पोस्टाची तिकिटं आठवतात. ‘कच्ची’ मोंढ्यात कुणालाही कळेल, पण सेव्ह केलेला मसुदाही कच्चाच असतो, तिथं अर्थ घसरतो. मी ‘जतन बाकी’ लिहीन. आपल्याकडे पेरणी बाकी असते, फेरफार बाकी असतो, चहासुद्धा बाकी असतो. काम चालू आहे, शेवटचं तेवढं राहिलंय, एवढंच त्यातून कळतं; कुणाचं काही चुकलंय असा सूर लागत नाही.

म्हणून लालही नको. पहिलं अक्षर टाइप केलं की ही स्थिती येते, मग दिवसभर डोळ्यांपुढे लाल दिसत राहणार आणि खरी अडचण आली तरी कुणी ढुंकून बघणार नाही. व्हीएस कोड हा एडिटर टॅबवरच्या फुलीच्या जागी नुसता ठिपका दाखवतो, विम हा दुसरा एडिटर [+] दाखवतो. तेवढं पुरतं. डिस्क भरली, परवानगी नाही, अशा वेळी ‘जतन झालं नाही’ म्हणा आणि तिथं खुशाल लाल वापरा. मात्र नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक असतात, त्यामुळे सोबत खूण किंवा शब्द हवाच.

ठळक करण्याआधी पट्टीतल्या बारीक आकारात ‘ष’, ‘ध’, ‘क्ष’ टाइप करून बघा. पोटं बुजतात. इंग्रजीवाले कॅपिटल अक्षरांनी जोर देतात, ती सोय आपल्या लिपीत नाही. तिरकं वळणही टाळा: बऱ्याच देवनागरी फाँटांत ते मुळातून काढलेलं नसतं, सॉफ्टवेअर सरळ अक्षरांनाच कलतं करतं आणि काने पडायला आल्यासारखे दिसतात.

सगळ्यात वाईट म्हणजे चुकीखालची नागमोडी रेघ. इंग्रजीत शब्दाखाली बरीचशी जागा मोकळी असते, आपल्याकडे तिथं उकार बसतात. ‘तूर’ऐवजी ‘तुर’ लिहिलं तर रेघ नेमकी त्या ऱ्हस्व उकारावरूनच जाते. चूक आहे हे कळतं, पण कुठली ते दिसत नाही! त्यापेक्षा शब्दामागे फिकट पिवळा रंग द्या, किंवा रेघ उकाराच्या खाली उतरवा. पण त्यासाठी ओळींमधलं अंतर वाढवावं लागेल. फिकट म्हणजे किती, याला माप आहे: मजकूर आणि मागचा रंग यांतला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ राहिला पाहिजे. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांतला हा आकडा इथंही धरून चाला.

जी फाइल वाचता येते पण बदलता येत नाही, तिच्यासाठी ‘फक्त वाचा’ नको, ती आज्ञा वाटते. कुलपाच्या चित्राशेजारी ‘वाचनापुरती’ लिहा. आणि कर्सर कुठं आहे ते पट्टीत दाखवताना ओळीच्या आकड्यापुढे ‘स्तंभ’ऐवजी ‘रकाना’ टाका.