टाका सगळ्यांचा, तक्ता तिचा

प्रश्न : ताई, एका डिझायनरचा ब्रेसलेटचा पॅटर्न, म्हणजे विणायचा तक्ता आणि कृती, मी पैसे देऊन घेतला. आमच्या मणीकामाच्या गटात सगळ्याजणींनी एकच नक्षी विणायची असं ठरलं होतं, म्हणून ती पीडीएफ मी सगळ्यांना पाठवली. तिचं नावही त्यावर तसंच होतं. तिला कळलं आणि तिने मला चांगलंच सुनावलं. विकत घेतलेली वस्तू माझी नाही का? फाइलवर ‘कॉपीराइट’ असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.

उत्तर : फाइल तुमची, पण तिच्या प्रती काढून वाटायचा हक्क तिचा. छापील पुस्तक मैत्रिणीला दिलंत तर ते तुमच्या कपाटातून जातं. फाइल पाठवलीत तर तुमची तुमच्याकडे राहते आणि पलीकडे नवी प्रत तयार होते. भांडण त्या नव्या प्रतीचं आहे. ‘कॉपीराइट’ लिहिलेलं नव्हतं याने काही बदलत नाही. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून त्यात नोंदणीची किंवा खुणेची अटच नाही. चित्र काढलं, मजकूर लिहिला, की संरक्षण लागू. आणि नाव ठेवलंत हे चांगलंच केलंत, पण नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे.

तिला राग का आला, तेही सांगते. पॅटर्न म्हणजे नुसता रंगीत चौकटींचा कागद असं पुष्कळांना वाटतं. अकरा नंबरच्या मण्यांना कडेने पंधरा नंबरचे, म्हणजे त्याहून बारीक, मणी लावले की पट्टी आत वळायला लागते; किती वळेल हे विणल्याशिवाय कळत नाही. दोरा कुठे दुसऱ्यांदा फिरवून घट्ट करायचा, फासा बसवायला किती ओळी आधी तयारी करायची, मनगट भरलेलं असेल तर नक्षी न मोडता लांबी कुठे वाढवायची, हे सगळं विणून, उसवून ठरतं. मग प्रत्येक पायरीची आकृती. मग दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन तिला कुठे अडतं ते बघायचं आणि ती पायरी परत लिहायची. विकली जाते ती ही मेहनत. तुमच्या गटातल्या सगळ्याजणी तिच्या गिऱ्हाईक झाल्या असत्या, त्या एका पाठवणीत गेल्या.

आता गटाला ती फाइल पुसायला सांगा, पुसल्याचं तिला कळवा आणि सगळ्यांसाठी एकदम घेतल्यास सवलत देशील का, असं सरळ विचारा. मी स्वतः पॅटर्न विकते आणि गटांना सवलत देते, देणाऱ्या इतरही आहेत. तिने जरा मऊ बोलायला हवं होतं, हे मात्र मला मान्य आहे.

प्रश्न : मी हेरिंगबोन टाक्यात शंकरपाळ्यांच्या नक्षीचे कानातले विणले. एकीने माझ्यावर चोरीचा आरोप केला, कारण ती आधीपासून तसेच विकते. तिचे कानातले मी त्याआधी पाहिलेही नव्हते. मी काय करू?

उत्तर : निवांत विणत राहा. टाका कुणाच्या मालकीचा नसतो. जागतिक व्यापार संघटनेच्या, १९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स कराराच्या नवव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की कॉपीराइटचं संरक्षण अभिव्यक्तीला आहे. कल्पनेला, कार्यपद्धतीला नाही. पेओट या दुसऱ्या टाक्यासारखी वीण प्राचीन इजिप्तच्या मणीकामातही सापडते. हेरिंगबोनचा संबंध दक्षिण आफ्रिकेतल्या एनडेबेले लोकांच्या मणीकामाशी जोडला जातो. त्यांच्याकडून आलेल्या टाक्यावर आज कुणी ‘हा माझा’ म्हणून हात ठेवला की मला हसू येतं, आणि थोडा रागही. राग यमन कुणाचा नसतो, त्यात बांधलेली बंदिश मात्र बांधणाऱ्याची असते, इथेही तसंच. शंकरपाळी, नागमोडी रेघ, चौकडा हे आकार सगळ्यांचे. पण एखादीने स्वतः रेखाटलेला, सोळा छटांत बसवलेला खंड्या पक्षी तुम्ही चौकटीगणिक उतरवलात, तर ती नक्कल.

न बघता दोघींना एकच गोष्ट सुचली, तर कॉपीराइटच्या दृष्टीने कुणीच कुणाचं घेतलेलं नसतं. मणी मोजके, टाके मोजके, असं होणारच. मात्र कच्ची रेखाटनं, अर्धवट सोडलेले तुकडे आणि तारखेसह फोटो जपून ठेवा. ‘आमचंही असंच आहे’ म्हणणारी पुन्हा भेटेल, तेव्हा उपयोगी पडतील.

प्रश्न : तीस टक्के बदल केला की डिझाइन आपलं होतं, हे खरं का?

उत्तर : नाही. असा टक्क्यांचा नियम नाही. निळ्याच्या जागी हिरवे मणी घालून काही होत नाही. मूळ नक्षीतला ओळखू येणारा भाग तुमच्यात उतरला का, एवढंच पाहिलं जातं.

प्रश्न : पॅटर्नवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलं आहे. त्यावरून विणलेला हार विकता येईल का?

उत्तर : तक्ता आणि आकृत्या तिच्याच, याबद्दल शंका नाही. विणून झालेल्या हारावर तिचा हक्क किती, याचं एकच उत्तर नाही, कारण वापरायच्या कलावस्तूंना किती संरक्षण द्यायचं हे बर्न कराराने प्रत्येक देशावर सोडलं आहे. पण कायद्याचा कीस काढण्याआधी ती ओळ बघा. विकत घेताना ती अट समोर असेल आणि मान्य करून तुम्ही घेतलं असेल, तर तो तुमच्या दोघींमधला करार ठरू शकतो. मी माझ्या पॅटर्नवर वेगळं लिहिते : स्वतःच्या हाताने विणून खुशाल विका, माझं नाव सांगा, कारखान्यात काढू नका. सगळ्यांनी असंच लिहावं असं नाही, पण निदान काहीतरी नेमकं लिहावं. ‘वैयक्तिक वापर’ एवढंच लिहून गिऱ्हाइकाला कोड्यात टाकणं मला पटत नाही. तुम्ही तिला दोन ओळींत विचारा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

प्रश्न : जपानी चित्रकार होकुसाईच्या लाटेचं चित्र मण्यांत विणलं तर चालेल?

उत्तर : चालेल. तो १८४९ मध्ये गेला, चित्र केव्हाच सगळ्यांसाठी खुलं झालं आहे. पण कुणीतरी बसून छटा निवडून, फेस कुठे पांढरा आणि कुठे राखाडी हे ठरवून त्याचा तक्ता केला असेल, तर तो तक्ता तिचा. चित्रावरून तुमचा तुम्ही नवा करा. लाटेच्या टोकाशी बोटांसारखे आकार आहेत, ते लहान तुकड्यात हमखास बिघडतात, म्हणून पट्टी रुंद घ्या.