'कातेद्रातिको'ला प्राध्यापक म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की स्पॅनिश लेखकांचे परिचय मराठीत करताना 'प्रोफेसोर' आणि 'कातेद्रातिको' दोन्हीला प्राध्यापकच लिहायचं का. माझं मत, सरसकट नको.

प्रोफेसोर म्हणजे शिकवणारा कोणीही. विद्यापीठातला, शाळेतला, गिटारचा क्लास घेणारा, सगळेच, त्यामुळे आपल्याकडे 'प्रोफेसर' म्हटल्यावर जो भाव मिळतो तो तिथे नाही. कातेद्रातिको हे मात्र शिक्षकाचं कायम पद आहे, आणि ते कातेद्रा म्हणजे मुळात खुर्चीवरून आलंय. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेली ही खुर्ची भरपूर फिरलीये बरं का, बिशपची खुर्ची असते ते कॅथेड्रल, पोर्तुगीजमध्ये ती कादेइरा झाली, तिथून गोव्यात कोकणीत कदेल, आणि स्पॅनिशमध्ये तिचंच एक रूप कादेरा, पण अर्थ चक्क खुबा! आणि एखादा सर्वज्ञ असल्यासारखा बोलायला लागला की 'सेंतार कातेद्रा' म्हणतात.

आता ही खुर्ची मिळायची कशी, तर 'ओपोसिसिओन' देऊन. शब्दशः विरोध, पण म्हणायचंय स्पर्धापरीक्षा (भाषांतरात 'विरोध करून प्राध्यापक झाले' असं काही लिहू नका म्हणजे झालं). परीक्षा पास झालं की जागा जिथे निघेल तिथे बिऱ्हाड हलवायचं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्पॅनिश कवींची चरित्रं वाचताना बदल्यांची ऑर्डर वाचतोय असं वाटतं. आंतोनियो माचादो १९०७ मध्ये सोरियाला, १९१२ ला बाएसा, १९१९ ला सेगोविया. हेरार्दो दिएगो १९२० मध्ये सोरियालाच, साहित्य शिकवायला. पेद्रो सालिनास १९१८ मध्ये सेव्हियाला, आणि तिथे त्यांच्या वर्गात पुढे कवी म्हणून गाजलेले लुईस सेर्नुदा विद्यार्थी!

पण घोळ इथेच होतो. सालिनास विद्यापीठात होते, त्यांना प्राध्यापक म्हणा, काही अडचण नाही. माचादो आणि दिएगो मात्र 'इन्स्तितुतो'त, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेत होते, कारण कातेद्रा तिथेही असते. माचादो पोरांना फ्रेंच शिकवायचे, त्यांना 'फ्रेंचचे प्राध्यापक' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे भलतंच कॉलेज उभं राहतं. सरळ 'माध्यमिक शाळेत फ्रेंचचे कायम शिक्षक' लिहा.

स्त्रीलिंगी कातेद्रातिका. कादंबरीकार एमिलिया पार्दो बासान १९१६ मध्ये माद्रिदच्या विद्यापीठात साहित्याच्या कातेद्रातिका झाल्या, त्या पदावरच्या तिथल्या पहिल्या बाई. मंत्र्यांनी थेट नेमलं आणि विद्यापीठातल्या मंडळींना ते अजिबात पसंत नव्हतं, म्हणजे बाईंच्या वेळी ओपोसिसिओन झालीच नाही, झाला तो खराखुरा विरोध.

कोणीतरी कातेद्रासाठी 'अध्यासन' सुचवलंय. अर्थाने अगदी चपखल, आसनच की ते, पण मराठीत अध्यासन म्हटलं की एखाद्या थोर माणसाच्या नावाने चालणारं संशोधन केंद्र आठवतं, रोजचे तास घेणारा, पेपर तपासणारा माणूस नाही. आजच्या स्पेनमधल्या विद्यापीठाचा संदर्भ असेल तर मी 'वरिष्ठ प्राध्यापक' लिहीन, कारण त्याच्या खालच्या पायरीवर 'प्रोफेसोर तितुलार' असतो आणि तोही कायमच असतो. मजकूर मेक्सिको किंवा ग्वाटेमालाचा असला तर एवढा काथ्याकूट नको, तिकडे कॉलेजात शिकवणाऱ्या कोणालाही कातेद्रातिको म्हणतात, नुसतं 'प्राध्यापक' पुरे.