‘बॉर्डरलाइन’ला घरात काय म्हणावं?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय : भाचीला धारवाडला दाखवलं, कागदावर ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ लिहून आलंय. घरच्यांना ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ असं सांगितलं तर चालेल का? आणि डॉक्टरांच्या बोलण्यात आलेल्या ‘सोशल रिजेक्शन’ आणि ‘एम्पथी’ला मराठीत काय म्हणायचं?

ताई, ‘सीमावर्ती’ पुस्तकात चालेल, घरात नको. आपल्याकडे ‘शुगर बॉर्डरवर आहे’ म्हणजे अजून झालेली नाही, गोड कमी केलं की भागतं. हाच अर्थ इथे लावला तर ‘बॉर्डरवरच आहे की, मग डॉक्टर कशाला?’ असं म्हणून पोरीचे उपचार थांबवतील. शिवाय बेळगाव-निपाणीकडे ‘सीमा’ म्हटलं की १९५६ पासूनचा सीमाप्रश्नच आठवतो. मूळ नावातली रेषा वेगळीच होती. १९३८ साली अ‍ॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकानं न्यूरोसिस (चिंता, भीती यांसारखे त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) या दोन्ही खणांत न बसणाऱ्या रुग्णांसाठी हा शब्द वापरला. ते खण पुढे मागे पडले, नाव तेवढं चिकटून राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात याच आजाराला भावनिक अस्थिरतेचं नाव आहे. मला तेच पटतं. घरी ‘भावनिक अस्थिरतेचा आजार’ म्हणा. कागदपत्रांवर मात्र डॉक्टरांनी लिहिलेलं नावच राहू द्या, पुढच्या डॉक्टरांना तेच लागेल.

‘सोशल रिजेक्शन’ला ‘बहिष्कार’ किंवा ‘वाळीत टाकणं’ म्हणू नका. ते गाव ठरवून, उघडपणे करतं. ‘नकार’ तर स्थळाला येतो. इथे नेमका शब्द ‘डावलणं’. कुणी काही बोलत नाही, पण हळदीकुंकवाचं बोलावणं आपल्यालाच येत नाही, ग्रुपवर सगळ्यांना उत्तर मिळतं आणि आपला मेसेज तसाच राहतो. त्यातही मी ‘डावलल्याची भावना’ असं म्हणेन, कारण या आजारात प्रत्यक्ष कुणी डावललेलं असेलच असं नाही. मानसशास्त्रज्ञ यासाठी ‘सायबरबॉल’ नावाचा खेळ वापरतात. संगणकाच्या पडद्यावर तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात. एका फेरीत खेळणाऱ्याकडे चेंडू येणंच बंद होतं, मग कुणालाही वाईट वाटतं. पण सगळ्यांना सारखा चेंडू मिळत असतानाही हा आजार असलेल्यांना आपल्याला बाजूला ठेवलंय असं इतरांपेक्षा जास्त वाटतं, असं अभ्यासांत दिसलंय. ते वाटणं नाटक नसतं, दुखतं ते खरंच दुखतं. म्हणून ‘उगीच मनाला लावून घेते’ हे वाक्य घरात बंद करा. त्यात सगळा दोष पोरीच्याच पदरी पडतो.

‘एम्पथी’साठी ‘सहानुभूती’ नको. ती आपण दुखवट्याला गेल्यावर दाखवतो, थोडी लांबूनच. लिहिताना ‘समानुभूती’ वापरा. बोलताना मात्र तिचे दोन भाग वेगळे सांगावे लागतील : दुसऱ्याचं मन ओळखणं आणि त्याचं दुःख आपल्याला जाणवणं. या आजारात हे दोन्ही सरसकट कमी असतं असं नाही. नुसत्या डोळ्यांच्या फोटोवरून भावना ओळखायची एक चाचणी आहे. काही अभ्यासांत या रुग्णांनी ती इतरांपेक्षा चांगली सोडवली, काहींत त्यांना कमी जमलं. भावनाहीन चेहऱ्यात राग दिसणं हेही आढळलंय. म्हणजे मावशीचा उतरलेला चेहरा भाचीच्या सगळ्यांआधी लक्षात येईल, पण तो डोकेदुखीनं उतरलाय की आपल्यावरच्या रागानं, इथे तिची गफलत होऊ शकेल. ‘तिला कुणाचं काही पडलेलं नाही’ हे म्हणूनच चूक आहे, आणि फार लागणारं आहे.

उपचारांत ‘व्हॅलिडेशन’ हा शब्दही कानावर येईल. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच त्रासासाठी घडवलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारपद्धतीतला तो महत्त्वाचा भाग आहे. त्याला ‘मान्यता देणं’ म्हटलं तर पोरगी म्हणेल ते सगळं कबूल करायचं, असं घरच्यांना वाटेल. तसं नाही. ‘तुला वाईट वाटलं, ते मला कळतंय’ एवढं म्हणायचं. मावशीनं मुद्दाम बोलावलं नाही की तिच्याकडून राहून गेलं, ते नंतर तिलाच विचारता येतं.