टॉकीजचा मॅनेजर गल्ला मोजण्यापलीकडे काय करायचा?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. मराठी सिनेमा गावोगावी चालवण्यात टॉकीजच्या मॅनेजरचा खरंच हात होता का, आणि सिनेमाची जाहिरात करण्याची ही विद्या आणली कुणी? मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 1979 साली बुकिंग क्लार्क म्हणून लागलो आणि 2003 मध्ये मॅनेजर म्हणून बाहेर पडलो. दुसरा प्रश्न आधी घेतो.

विद्या फाळक्यांची. ते सिनेमा काढणारे म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यांच्यातला विक्रेता जास्त भावतो. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावात कॉरोनेशनला लागला आणि मुंबईत चालला. सुरतेत मात्र पहिल्या दिवशी गल्ला आला तीन रुपये. तिथल्या माणसाचं म्हणणं सरळ होतं: नाटकवाले याहून कमी पैशात सहा-सहा तास खेळ करतात, मग तासाभराच्या चित्राला तीन आणे कशाला मोजायचे? थिएटरवाला फाळक्यांच्या मागे लागला, दर उतरवा नाहीतर खेळ लांबवा. त्यांनी दोन्ही केलं नाही. जाहिरात तेवढी बदलली. 57,000 फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं अवघ्या तीन आण्यांत!

एकदा दुपारी मॅटिनी रिकामी होती तेव्हा मी आणि आमचा ऑपरेटर हा हिशेब घेऊन बसलो होतो. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 फोटो बसतात. चित्र होतं साधारण 3,700 फुटांचं. गुणाकार 59 हजारांवर जातो, म्हणजे फोटोंचा आकडा बरोबर, उलट थोडा कमीच सांगितलेला. पण दोन मैल म्हणजे 10,560 फूट, जवळजवळ तिप्पट! ऑपरेटर म्हणाला, "फोटो मोजलेले, मैल मनाचे." मला यात लबाडीपेक्षा कान दिसतो. गिऱ्हाईक कुरकुरत होतं लांबीवरून, तर उत्तरही लांबीतच दिलं.

त्यांच्यानंतर कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पुण्याला आर्यनमध्ये लागला. आपल्या चित्रांची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे आणि कथा व फोटो असलेली पुस्तिका छापून प्रेक्षकांच्या हातात द्यायचे. आमच्याकडे पुढे गुलाबी कागदावरची जी हँडबिलं फिरली, ती त्या पुस्तिकेची गरीब नातवंडं.

आता मॅनेजरचं काम. वितरकाशी करार एकतर टक्केवारीवर व्हायचा, नाहीतर ठरावीक भाड्यावर. पेटी, म्हणजे प्रिंटचे डबे, एसटीच्या टपावरून यायची. ती उतरवून घ्या, रिळं तपासायला लावा, तिकिटांचे नंबर लिहा, करमणूक कराचा हिशेब ठेवा, रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर डीसीआर भरा. डीसीआर म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता, त्यावर वितरकाच्या प्रतिनिधीची सही लागायची. हे सगळं कारकुनी. कुणीही शिकेल.

खरं काम गाव ओळखण्याचं. आमच्याकडे चित्र कोणतं आहे यापेक्षा कारखान्याचं उसाचं बिल निघालं का, हे आधी बघायचं. बिल निघालं की बाल्कनी भरायची, नाही निघालं तर चांगल्या चित्रालाही पहिल्या चार रांगांत पोरंटोरं. बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ हातचा. जत्रेच्या आठवड्यात नवं चित्र लावायचंच नाही, कारण माणसं तमाशाच्या तंबूत. पुण्याला विजयानंदमध्ये 'सांगत्ये ऐका' 131 आठवडे चालला होता. तिथल्या मॅनेजरचा मला नेहमी हेवा वाटायचा. आमच्याकडे दुसरा आठवडा लागला तरी आम्ही पोस्टरवर चिठ्ठी चिकटवायचो.

एक प्रसंग सांगतो. 'माहेरची साडी' 1991 चं चित्र. शहरांत धो-धो चाललं आणि बऱ्याच महिन्यांनी, जुनी झालेली प्रिंट आमच्याकडे आली. शुक्रवार-शनिवार गल्ला बेताचा. रिक्षावर भोंगा लावून पोरगं ओरडत होतं, "गाजलेलं कौटुंबिक चित्र, आजच पाहा!" शनिवारी मध्यंतरात मी बाल्कनीच्या जिन्यात उभा होतो. पुरुष चहाला, विडीला बाहेर आले. बायका आल्याच नाहीत. डोकावलं तर सगळ्या जागेवर, पदर डोळ्यांना, आणि एक म्हातारी शेजारणीला स्वतःच्या सासरचं काहीतरी सांगत होती. शेजारीण तिला ओळखत असावी असं वाटलं नाही.

त्या रात्री मी भोंग्याचं वाक्य बदललं. "जिची लेक सासरी नांदते, त्या आईनं हे चित्र बघावं." बस, एवढंच. हँडबिलं चौकात उधळणं बंद केलं. ती पिठाच्या गिरणीत ठेवली, कासाराकडे ठेवली, दूध संकलनाच्या टेबलावर ठेवली. गिरणीत दळण होईपर्यंत बाई अर्धा तास बसते, तिला वाचून दाखवायला पोरगं सोबत असतंच.

तिसरी गोष्ट खेळाच्या वेळेची. आमचा दुपारचा खेळ तीनचा. तो सुटेपर्यंत सहा वाजायचे, आणि वाड्यावस्त्यांच्या एसट्या पाच-साडेपाचला सुटून गेलेल्या असायच्या. शिवाय धारा काढायच्या असतात, चूल पेटवायची असते. कुठली बाई थांबेल? मी सोमवारपासून खेळ बाराला लावला. मालक चिडले. प्रतिनिधी तर म्हणाला, "भर उन्हात कोण येतंय मरायला?"

बुधवारी पहिली ट्रॅक्टरची ट्रॉली आली. एकाच वाडीच्या तीसेक बायका, खाली पोती अंथरलेली, भाकरी फडक्यात बांधून आणलेल्या. गुरुवारी चार ट्रॉल्या. सायकल स्टँडवाला माझ्याशी भांडायला आला, की ट्रॉलीचे पैसे किती घ्यायचे ते ठरवून द्या. मी दोन माठ जास्त ठेवले आणि डोअरकीपरला बजावलं की लहान मूल रडलं तरी कुणाला बाहेर काढायचं नाही.

घोटाळाही झाला. दुसऱ्या आठवड्यात तीच प्रिंट शेजारच्या गावातही द्यायची ठरली. आमचं रीळ संपलं की मोटरसायकलवरून तिकडे. एके दिवशी वळवाचा पाऊस आला, आमचा पोरगा पुलाअलीकडे अडकला, आणि शेजारच्या गावचा पडदा पांढराच राहिला. तिथल्या मॅनेजरनं फोनवर मला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

ती प्रिंट आमच्याकडे पाच आठवडे राहिली. शेवटच्या डीसीआरवर सही करताना प्रतिनिधीनं दुपारच्या खेळाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही बाराची वेळ पुढच्या गावाला सांगू का?" मी म्हटलं, आधी तिथल्या शेवटच्या एसटीची वेळ विचारा.