गव्हावर पहिल्यांदा मशीन घालणाऱ्या भावाला

भावा, मार्च-एप्रिलात खटाव-कोरेगावकडं गव्हावर हार्वेस्टर घालणार असशील, तर आधी ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोतानं भुसकट उडवायचं यंत्र, घे. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा, खूप तापणारा भाग) आणि सायलेन्सरवर साचलेलं भुसकटच पेट घेतं. सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत, इंजिन निवल्यावर, सगळं झाडून काढ. बेअरिंगचं ग्रीसिंग चुकवू नकोस. कोरडं बेअरिंग भयंकर तापतं. जळका वास आला की थांबायचंच, शेतमालक कितीही घाई करू दे.

मशीन बंद करून लगेच जेवायला पळू नकोस. पंखा थांबला की उष्णता आतच कोंडते, धूर तेव्हाही निघू शकतो. पावडरचे दोन अग्निशामक ठेव: एक केबिनमध्ये, एक जमिनीवरून हाताला येईल असा. हादऱ्यांनी पावडर तळाला घट्ट बसते, म्हणून अधूनमधून उलटा करून हलव. आग आवरेना झाली, तर मशीन सोड, वारा जिकडून येतोय तिकडं पळ आणि १०१ लाव.