सगळे स्रोत झाकूनही क्ष-किरण पार्श्वभूमीत चढउतार का उरतात?

क्ष-किरण टिपणाऱ्या चंद्रा अवकाश दुर्बिणीच्या चित्रातले दिसणारे स्रोत झाकले, तरी मोठ्या कोनांकडे पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या कोनावर किती चढउतार आहेत याचा आलेख) चढतोच. हा स्रोतांच्या पुंजक्यांचा पुरावा मानावा का, असं तुम्ही जळगावहून विचारलंय. माझं मत: इतक्यात नको.

पुंजके म्हणजे नेमकं काय ते आधी पाहू. रात्री सातपुड्यात पालच्या बाजूने रावेर-यावलकडे पाहिलं की लांबचे दिवे मिसळून नुसता उजेड दिसतो. दिवे कसेही विखुरलेले असते, तर सरासरी १०० दिव्यांच्या चौकटीत साधारण १० चा फरक पडला असता. पण दिवे गावांत असतात, म्हणून फरक जास्त पडतो. क्ष-किरण पार्श्वभूमी म्हणजे आकाशभर दिसणारा असाच मिसळलेला उजेड. १९६२ मध्ये सापडलेल्या या पार्श्वभूमीतले बहुतेक ‘दिवे’ म्हणजे दूरच्या दीर्घिकांमधली सक्रिय कृष्णविवरं.

आता मोजणीकडे. फोटॉन (प्रकाशकण) येतील त्या क्रमाने एकाआड एक वाटून अ आणि ब अशी दोन चित्रं करा. अ-ब मध्ये फक्त फोटॉनमोजणीचा नॉइज उरतो. त्याचा स्पेक्ट्रम अ+ब च्या स्पेक्ट्रममधून वजा करा. सगळ्यात जास्त गफलत इथे होते. न दिसणाऱ्या स्रोतांच्या संख्येतला यादृच्छिक चढउतार या वजाबाकीने जात नाही, कारण तो दोन्ही चित्रांत सारखाच असतो. तो स्रोतगणनेवरून काढावा लागतो: तेजाचा वर्ग गुणिले त्या तेजाचे स्रोत, झाकण्याच्या मर्यादेपर्यंत (ज्या तेजाखालचे स्रोत दिसत नाहीत तिथपर्यंत) बेरीज. वर्गामुळे मर्यादेच्या अगदी खालचे स्रोतच भारी पडतात, म्हणून चित्राच्या कडेला मर्यादा ढासळली की उत्तर बिघडतं.

दुसरी खोट डिटेक्टरवर आदळणाऱ्या भारित कणांच्या पार्श्वभूमीची. आरशांमुळे कडेला मंदावतो तो आकाशाचा प्रकाश. कण मंदावत नाहीत. ते वजा न करता एक्सपोजर मॅपने (चित्राच्या कोणत्या भागाला किती प्रकाश मिळतो याच्या नकाशाने) भागलं तर कडा खोटी उजळते आणि मोठ्या कोनांवर हुबेहूब पुंजक्यांसारखी वाढ दिसते. डिटेक्टर आकाशापासून झाकून घेतलेली नोंद ९.५ ते १२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) पट्ट्यातल्या मोजणीला जुळवा, आधी वजाबाकी करा, मग भागाकार. त्याआधी प्रोटॉनांच्या उसळीचे काळ लाइट कर्व्ह (वेळेनुसार मोजणीचा आलेख) पाहून काढून टाका. स्रोत झाकताना कडेकडे मास्कची (झाकणाऱ्या वर्तुळाची) त्रिज्या वाढवत न्या. तिथे प्रतिमा पसरट होते.

एका चित्राची बाजू जेमतेम १७ आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक आर्कमिनिट), त्यामुळे त्याच्या निम्म्याहून मोठ्या कोनांवर विसंबू नका. त्यासाठी चंद्राच्याच एक्सबूटीस सर्वेक्षणासारखं, अनेक चित्रं जोडून केलेलं ९ चौरस अंशांचं जोडचित्र हवं.

एवढं करूनही वाढ उरली, तर माझा पहिला संशय कृष्णविवरांच्या पुंजक्यांवर नाही, न दिसलेल्या दीर्घिका-समूहांतल्या तप्त वायूवर आहे. ओळखायचं असं: पसरट स्रोतांचे मास्क मोठे करा आणि ०.५ ते २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा मृदू (कमी ऊर्जेचा) पट्टा २ ते ७ च्या पट्ट्याशी ताडून पहा. मास्क वाढवल्यावर वाढ ओसरली आणि मृदू पट्ट्यातच ती ठळक असली, तर ती वायूची.